पत्ता पोपटाचा, गोष्ट आपली

माझ्या लहानपणी मोताळ्याच्या आठवडी बाजारात एक पोपटवाला बसत असे. खाली गोणपाट, त्यावर पिंजरा आणि समोर ओळीने मांडलेली पाकिटे. चार आणे दिले की पिंजऱ्याचे दार उघडे. पोपट डुलत बाहेर येई, एक पाकीट चोचीने ओढी आणि दाणा घेऊन परत आत जाई. पाकिटात देवाचे किंवा प्राण्याचे चित्र आणि सोबत चार ओळींचे भविष्य. गिऱ्हाईक ते ऐकून मान डोलावी व म्हणे, "अगदी खरं आहे बाबा." पोपटाला त्याच्या घरची गोष्ट कशी कळली, याचे मला त्या वयात फार आश्चर्य वाटे.

देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारातले पोपटवाले आता दिसेनासे झाले. पत्ते मात्र गेले नाहीत, ते मोबाइलवर आले. पुण्या-मुंबईला शिकणारी आपली मुले-मुली सुट्टीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात 'टॅरो' हा शब्द असतो. पत्ता काढायचा, चित्र पाहायचे आणि स्वतःला ओळखायचे. कोणी सांगते, माझा प्राणी लांडगा आहे. कोणी म्हणते, माझे घुबड आहे. वडीलधारी माणसे एक तर हसतात, नाही तर घाबरतात. वाचकहो, आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे आपणास वाटेल. पण एका पत्त्यामुळे आपल्या तालुक्यातला एक माणूस वेळेवर उपचाराला आला. माझ्या गोळ्यांनी तो आला नव्हता. म्हणून हे लिहितो आहे.

आधी या पत्त्यांविषयी थोडी माहिती. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले, ते खेळण्यासाठी. त्यावरून भविष्य सांगण्याची टूम फ्रान्समध्ये अठराव्या शतकात आली. आज सर्वत्र दिसणारा ७८ पत्त्यांचा जोड १९०९ साली लंडनमध्ये छापला गेला. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. त्यात सिंह आहे, घोडा आहे, चंद्राकडे तोंड करून उभे असलेले कुत्रा आणि लांडगा आहेत. आपल्याकडेही सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा आहेत. त्यांचे १२० पत्ते असतात आणि त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह विराजमान असतात. खेळ म्हणून दोन्ही सारखेच.

खूण पाहून पुढचे जाणण्याची हौस तर आपल्या मातीतलीच आहे. पहाटे कंदील घेऊन पिंगळा दारी येतो आणि पाखराची भाषा सांगतो. नंदीबैल मान हलवून हो किंवा नाही म्हणतो. आपल्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घट मांडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते व ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. या गर्दीला हसण्यात अर्थ नाही. पेरणीसाठी घेतलेले पैसे डोक्यावर असतात आणि मृगाचे ढग दिसत नाहीत, तेव्हा माणसाला ती अनिश्चितता सोसवत नाही. मग तो खूण शोधतो. दवाखान्यातही मी हेच पाहतो. तपासणीचा कागद यायच्या आधी नातेवाईक माझ्या चेहऱ्यावर खुणा शोधत असतात.

आता ती हकीगत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

जवळच्या एका खेड्यातील पंचेचाळिशीच्या बाई सकाळी सकाळी आल्या. छातीत धडधड, हातापायाला घाम, तीन रात्री झोप नाही. बी.पी. थोडे वाढलेले, ई.सी.जी. स्वच्छ. सोबत पुण्याला शिकणारी मुलगी होती. तिचा चेहरा अपराध्यासारखा. तिने सांगितले, "काका, माझ्यामुळेच झालं. मी मोबाइलवर आईला एक पत्ता काढायला लावला." तिने मला चित्र दाखवले. पांढऱ्या घोड्यावर बसलेला, काळे चिलखत घातलेला हाडांचा सापळा. नाव मृत्यू. मुलगी म्हणाली, "पण याचा अर्थ मरण असा नसतो हो, बदल असा असतो. मागे सूर्य उगवतोय बघा. आई ऐकतच नाही."

मी मुलीला बाहेर बसवले आणि बाईंना विचारले, "ताई, हे चित्र पाहिलं तेव्हा पहिल्यांदा कोण आठवलं?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पोरीचे बाबा."

पुढे एकेक गोष्ट बाहेर आली. दोन वर्षे सोयाबीन हातचे गेले. बँकेचे कर्ज आणि वर सावकाराचे. "महिना झाला डॉक्टरसाहेब, ते पारावर जात नाहीत. जेवायला बसतात अन् उठून जातात. बैलजोडी इकून टाकली, मले इचारलं बी नाही. परवा पोरीच्या लग्नाचं सारं भावाले समजावून सांगत होते, जसे कुठं गावाले निघाले." त्या थांबल्या. "मले सारं दिसत होतं. पन तोंडातून काढलं त खरं होईन, असं वाटे."

आता माझी चूक सांगतो. हा गृहस्थ पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडे येऊन गेला होता. पोटात जळजळ आणि झोप नाही, अशी तक्रार. बाहेर चाळीस पेशंट बसले होते. मी पोट दाबून पाहिले, आम्लपित्ताची गोळी दिली, झोपेच्या चार गोळ्या लिहिल्या आणि "टेन्शन घेऊ नका" असे सांगून पुढचा पेशंट बोलावला. तुमचे मन कसे आहे, हे विचारले नाही. पंचवीस वर्षांहून अधिक दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला जे विचारता आले नाही, ते एका चित्राने विचारले.

त्याच दिवशी त्यांना बोलावले. दार लावून मी सरळ विचारले, "जीव नकोसा वाटतो का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेली गोष्ट शिरते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. उलट विचारल्याने ओझे हलके होते. ते गृहस्थ खाली पाहून रडू लागले, एवढे उत्तर पुरे होते. घरातले फवारणीचे औषध भावाने त्याच दिवशी उचलून नेले. माझ्या गोळ्यांपैकी उरलेल्याही परत मागवल्या. रात्री कोणी ना कोणी सोबत राहायचे ठरले. दुसऱ्या दिवशी भाऊ त्यांना घेऊन राजूर घाट चढून बुलढाण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. निदान झाले नैराश्याचे. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढा काळ घरच्यांनी डोळ्यात तेल घालून काढला. आज ते गृहस्थ शेतात जातात. कर्ज संपलेले नाही, पण बोलतात.

मग पत्त्याने भविष्य सांगितले का? मुळीच नाही. त्याच जोडातला दुसरा कुठलाही पत्ता निघाला असता. बाईंच्या मनात महिनाभर जे साचले होते, त्याला चित्राने वाट दिली, एवढेच. हाच पत्ता तालुक्यातील हजार घरांत निघाला असता, तर हजार वेगळ्या गोष्टी बाहेर पडल्या असत्या.

याचा शास्त्रीय पुरावाही आहे. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्राम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला 'हे तुझे स्वभाववर्णन' म्हणून एक कागद दिला. कितपत जुळते ते ५ पैकी गुण देऊन सांगा, असे म्हटले. सरासरी ४ च्या वर गेली. मग कळले की सर्वांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तो बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता! बाजारातल्या पोपटाचे कोडे मला हे वाचल्यावर सुटले. पाकीट पोपट काढत होता, गोष्ट गिऱ्हाईक स्वतःची घालत होते. स्वित्झर्लंडच्या हर्मन रोरशाक यांनी तर १९२१ साली शाईच्या डागांची १० चित्रे तयार केली. डागात काय दिसते ते रुग्णाने सांगायचे आणि त्यावरून डॉक्टरने मनाचा अंदाज घ्यायचा. त्या चाचणीच्या उपयोगावर आज वाद आहेत. पण डागाला स्वतःचा अर्थ नसतो, पाहणारा तो देतो, हे त्यामागचे साधे सूत्र आपणही ध्यानात ठेवावे.

प्राण्यांचे म्हणाल, तर त्यासाठी परदेशी लांडग्याकडे जायची गरज नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. संत एकनाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली, ती १५७३ साली काशीत पूर्ण झाली. त्या गुरूंमध्ये अजगर आहे, हत्ती आहे, हरीण, मासा, मधमाशी, कोळी आहे. चोचीत मांसाचा तुकडा धरलेला एक पक्षी आहे. दुसरे पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तो तुकडा टाकून देतो आणि सुखी होतो. अवधूताने यांपैकी एकालाही 'उद्या माझे काय होईल' असे विचारले नाही. त्याने नुसते पाहिले आणि स्वतःला विचारले, की मी काय धरून बसलो आहे? नंदीबैलाला आपण भविष्य विचारतो आणि अवधूत पाखराकडून स्वतःची तपासणी करून घेतो. माझ्या मते आरोग्याला उपयोगी आहे ती ही दुसरी रीत.

ती कशी करावी? दिवे लागल्यावर दहा मिनिटे ओट्यावर, अंगणात किंवा देवघराजवळ शांत बसावे. टी.व्ही. आणि मोबाइल बंद. मन लागत नसेल तर समोर एखादे चित्र ठेवावे. कॅलेंडरवरचे चालेल, मुलीचा पत्ताही चालेल. किंवा गोठ्यातल्या गाईकडे पाहावे. मग स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे पाहून मला कोण किंवा काय आठवले? त्याने अंगात काय झाले, छाती भरली, पोटात गोळा आला, की बरे वाटले? आणि उद्या यातले कोणते एक काम मी करू शकतो? उत्तर वहीत दोन ओळींत लिहावे. लिहिता येत नसेल त्याने विश्वासाच्या माणसाला सांगावे. याला खर्च नाही आणि पथ्यही नाही.

पण डॉक्टर म्हणून काही गोष्टी बजावून सांगतो. पत्ता, पोपट किंवा मोबाइल यांच्या सांगण्यावरून बी.पी., शुगर वा फिटची गोळी बंद करू नये. छातीत दुखत असताना शुभवेळ पाहू नये. वाईट पत्ता निघाला म्हणून शांतीसाठी पैसे मागणाऱ्याला दारातूनच रामराम करावा. ज्याला कानात आवाज येतात, कोणी तरी मारायला टपले आहे असे वाटते, किंवा ज्याला पूर्वी मोठा मानसिक आजार झाला आहे, त्याने दिवसेंदिवस मौनात एकटे बसण्याचे प्रयोग तज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. शांत बसल्यावर दर वेळी शांतीच सापडते असे नाही. कधी आजार सापडतो. दोन आठवडे रोज मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक गेली आहे, मरणाचे विचार येतात, तर ते प्राक्तन नव्हे, दुखणे आहे, आणि त्याला औषध आहे. घरचा माणूस अचानक गप्प झाला, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊ किंवा विकू लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर पत्ता निघायची वाट पाहू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला आहे. इथे हा प्रश्न कोणाच्याही घरी विचारावा लागू शकतो. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फुकट बोलता येते, मराठीतही.

त्या बाई मागच्या महिन्यात बी.पी. तपासायला आल्या होत्या. मी सहज विचारले, पुन्हा पत्ता काढला का? म्हणाल्या, "नाही जी. आता संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघं बसतो. काही इचारायचं असलं त त्याहीलेच इचारतो."

मीही आता झोपेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला लिहून देण्याआधी खुर्ची जवळ ओढायला सांगतो. बाहेरच्या पेशंटना त्यामुळे पाच मिनिटे जास्त थांबावे लागते. त्यांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे, ही विनंती.