बासर ट्रिपल आयटीत पहिली दोन वर्षे मुलं कायद्याने ‘बालक’च, मग त्यांची तक्रार कॅम्पसमध्येच का अडते?

बासरच्या ट्रिपल आयटीला पोरगा किंवा पोरगी लागली की गावात पेढे वाटले जातात. दहावीच्या गुणांवर प्रवेश, सरकारी शाळेतल्या मुलांना जादा गुणांची सवलत, सहा वर्षे तिथेच राहून इंजिनिअर. बेला, जैनथ भागातल्या शेतकरी घरांना अशी संधी सहसा मिळत नाही. २००८ मध्ये हे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा बासर आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्हा फुटला आणि ते निर्मलमध्ये गेलं.

पण एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. दहावीनंतर येणारं मूल पंधरा-सोळा वर्षांचं असतं. पाटी विद्यापीठाची, विद्यार्थी मात्र कायद्याने बालक. म्हणजे पोक्सो कायदा लागू. त्याचं कलम १९ स्पष्ट आहे: मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवलंच पाहिजे. वॉर्डनने वरिष्ठांच्या कानावर घालून भागत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. ‘नाव खराब होईल, आधी आपण आपसात बघू’ हे इथे चालत नाही. उलट चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

कायदा आहे, पण बोलायची हिंमत कुठून आणायची? जून २०२२ आठवा. हजारो मुलं आठवडाभर पावसात छत्र्या घेऊन बसली. मागण्या बारा, त्यात पूर्णवेळ कुलगुरू, पुरेसे शिक्षक, बरं जेवण. शिक्षणमंत्री सबिता इंद्रा रेड्डी स्वतः आल्या तेव्हा ती उठली. पुढच्याच महिन्यात मेसच्या जेवणातून शेकडो मुलांना विषबाधा झाली. जून २०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. या मृत्यूंमागे काय होतं, यावर बाहेर बसून निवाडा देणं बरोबर नाही. पण जेवणाची तक्रार ऐकवायला हजारोंना ठिय्या द्यावा लागत असेल, तर एकट्या मुलीने आपलं दुखणं कुणाच्या भरवशावर सांगावं?

मोठ्या शहरात वेगळं असतं असंही नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. त्रासाबद्दल आधीच सांगितलं होतं, असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. लेखी द्या, तारीख टाका, पोच घ्या.

रॅगिंग असेल तर यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते. २००९ च्या नियमांनुसार गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखाने २४ तासांत पोलिसांत द्यायचं असतं. सीमेवरच्या लोकांसाठी आणखी एक: गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. मूल सुट्टीत धर्माबादला मामाकडे किंवा किनवटला मावशीकडे असताना बोललं, तर तिथल्याच ठाण्यात जा. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं पोलिसांना म्हणता येत नाही. मुलांसाठी १०९८, आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. बासरमध्ये हजारो मुलं आहेत, आणि आपल्या भागातली कितीतरी घरी मराठी नाही तर गोंडी बोलतात. रडू येतं तेव्हा माणूस घरच्याच भाषेत बोलतो. प्रवेशाच्या दिवशी फी आणि खोलीबरोबर एवढंही विचारून या: समुपदेशक कोण, कुठली भाषा बोलतो, आणि तक्रार समितीचे नंबर हॉस्टेलच्या भिंतीवर लावलेत का.