मोटारीला दुसरा फेज जोडण्यापूर्वी



उन्हाळा लागला की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. विहीर वस्तीपासून लांब, तिच्यावर सिंगल फेजची दोन एचपीची मोटार, आणि व्होल्टेज इतके उतरलेले की मोटार नुसती घुमते, पाणी टाकीपर्यंत चढत नाही. मग कोणी जाणता सांगतो, "न्यूट्रल काढा आणि तिथं दुसरा फेज द्या. व्होल्टेज वाढंल, मोटार पळंल." हे करावे का?

आधी घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या चुलतभावाने, आप्पाने, नेमके हेच केले होते. पहिल्या दिवशी पाण्याची धार अशी पडली की काकू ओसरीवरून उठून बघायला आल्या. "आज कसं काय आलं रं पाणी?" "दुसरा फेज दिलाय, आई." काकू खूश, आप्पा त्याहून खूश. पाचव्या दिवशी संध्याकाळी वळवाची सर आली. आजूबाजूच्या लोकांनी आपापल्या मोटारी बंद केल्या. आमची मात्र टाकी भरायची म्हणून चालूच होती. अर्ध्या तासात जळका वास सुटला आणि मोटार गेली.

याचे कारण समजून घ्या. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजांमध्ये ४१५. लाइनवर भार जास्त असला की २३० चे दीडशे होतात. तेव्हा दोन फेज जोडले तर मोटारीला सुमारे २६० मिळतात आणि ती बरी चालते. पण भार उतरला की तेच २६० चारशेवर जातात. २३० साठी गुंडाळलेली तार ते किती वेळ सोसणार?

मोटार जळाली, तो पैशांचा तोटा. दुसऱ्या दिवशी सकाळी जे टळले ते मोठे होते. आप्पाने बटण बंद केले आणि मोटार सोडवायला विहिरीवर गेला. सवयीने टेस्टर लावला, तर दिवा लागला! सिंगल फेजचे साधे बटण एकच तार तोडते. पूर्वी दुसऱ्या तारेत न्यूट्रल होता, आता तिथे फेज होता. बटण बंद असूनही मोटार जिवंतच होती. त्या दिवशी टेस्टर घरी राहिला असता तर काय झाले असते, हे आजही कोणी घरात बोलत नाही.

आता काही जण म्हणतील, परदेशात तर दुप्पट व्होल्टेजवर मोटार जोडतात. खरे आहे. अमेरिकेत घराला १२० आणि २४० असे दोन्ही व्होल्टेज मिळतात. तिकडे रानातल्या लाकडी घरांच्या पाण्याच्या पंपांना पुष्कळदा दोन्हींवर चालणारी मोटार असते. तिच्या मुख्य वाइंडिंगचे दोन अर्धे भाग असतात. कमी व्होल्टेजला ते शेजारी-शेजारी जोडतात, जास्त व्होल्टेजला एकापुढे एक. त्यामुळे प्रत्येक भागाला मिळणारे व्होल्टेज तेवढेच राहते, पण बाहेरच्या तारेतला प्रवाह निम्मा होतो. अर्ध्या एचपीची मोटार ११५ वर सुमारे १० अँपिअर ओढते, ती २३० वर ५ ओढते. तार लांब असेल तर याचा मोठा फायदा होतो. परंतु तशी सोय मोटारीत मुळातच हवी, आणि ती नेमप्लेटवर लिहिलेली असते. आपल्याकडच्या सिंगल फेज मोटारीवर बहुधा २२०, २३० किंवा २४० हा एकच आकडा असतो. तसा असेल तर डबी उघडून आत बदलण्यासारखे काही नाही.

मग करावे काय? व्होल्टेज कुठे हरवते ते आधी शोधा. चांगला वायरमन बोलावून मीटर लावून घ्या. मोटार चालू असताना एकदा घराच्या मीटरपाशी आणि एकदा विहिरीवर. मीटरपाशीच १७० असतील तर दोष लाइनचा किंवा डीपीचा. तिथे तुमची तार बदलून उपयोग नाही, महावितरणकडे लेखी तक्रार द्या. मीटरपाशी २३० आणि विहिरीवर १८० असतील, तर उरलेले ५० तुमच्याच तारेने खाल्ले. वाटेत जोड असतील तर तेही पाहा. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड हात लावता येणार नाही इतका तापतो.

हिशेब अवघड नाही. विहीर ३०० मीटरवर आहे आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आहे असे धरा. दोन एचपीची सिंगल फेज मोटार साधारण साडेअकरा अँपिअर ओढते. जाण्यायेण्याची तार मिळून ६०० मीटर होते. तिच्यात सुमारे ५० व्होल्ट जातात. तेवढ्याच ताकदीची तीन फेजची मोटार दर तारेत साडेतीन अँपिअरच्या आसपास घेते. त्याच जाडीच्या तीन तारांत ४१५ पैकी चौदा व्होल्टही जात नाहीत. व्होल्टेज पाऊण झाले तर मोटारीचा सुरू होण्याचा जोर निम्म्याच्या जरा वर उरतो, म्हणूनच ती घुमत बसते. (अ‍ॅल्युमिनियमची तार असेल तर तोटा याच्या दीडपटीहून जास्त धरा.)

तेव्हा जास्त व्होल्टेज हवेच असेल तर सरळ तीन फेजची मोटार घ्या, आणि त्यासाठी तीन फेजची रीतसर जोडणी मागा. एक अडचण आहे. शेतीच्या फीडरवर तीन फेज ठरावीक तासच असते, आणि घरात पाणी तर दिवसभर लागते. म्हणून घरापाशी उंचावर हजार-दोन हजार लिटरची टाकी बसवा आणि लाइट असताना भरून ठेवा.

तीन फेज मोटारीच्या डबीत बहुधा सहा टोके असतात. तीन पट्ट्यांनी ती स्टार किंवा डेल्टा जोडतात. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर २४० व्होल्ट येतात, डेल्टात पुरे ४१५. स्टारसाठी बांधलेली मोटार डेल्टात जोडली तर पाहता पाहता जळते. डेल्टाची स्टारमध्ये चालवली तर जोर तिसऱ्या हिश्शावर येतो आणि भाराखाली तापून तीही जाते. नेमप्लेटवर काय लिहिले आहे तेच करायचे, शेजाऱ्याच्या मोटारीत काय आहे ते नाही. चालू केल्यावर पाणी कमी पडले तर मोटार उलटी फिरत असेल. लाइट बंद करून कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवाच. एक फेज गेला आणि मोटार दोनांवर चालत राहिली तर वाइंडिंग वाचत नाही.

अर्थिंगबद्दल मात्र सक्तीने सांगतो. न्यूट्रल गेला म्हणून कोणी परतीची तार अर्थिंगच्या खांबाला किंवा पाइपाला जोडतात. तसे कदापि करू नका. पाइपात वीज उतरते आणि त्याच पाइपाखाली बाया हंडे भरतात, पोरे अंघोळ करतात. अर्थिंगची तार वेगळी, अखंड, मोटारीच्या अंगाला पक्की बसवलेली हवी. आणि डबी उघडण्यापूर्वी सगळे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घाला. स्टार्टरजवळच्या फळीवर ठेवाल तर घरातले कोणी चांगल्या मनाने परत बसवील.

आप्पाने पुढे विहिरीवर तीन फेजची मोटार बसवली. जळालेली मोटार रिवाइंड करून घराशेजारच्या हौदावर ठेवली आहे. तिथे तार अवघी वीस फूट आहे. रोज सकाळी काकू तिच्यावर गोठा धुतात.