खोपोली : पाच वर्षांचे शेवटचे स्थानक

१/ कर्जतहून सुटलेली लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत खोपोलीला पोहोचते आणि तेथे रूळ संपतात. नकाशावर हा एक किरकोळ फाटा. मात्र एके काळी मुंबईहून पुण्यास निघालेल्या प्रवाशाला आगगाडी येथेच सोडावी लागे.

२/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणला आणि १२ मे १८५६ रोजी तेथून बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला पोहोचला. १४ जून १८५८ रोजी घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे मार्गही खुला झाला. मधला घाट तेवढा रुळांविना उरला.

३/ पुढची सुमारे पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखी, तट्टू वा बैलगाडीने घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसत. मालही असाच एका गाडीतून उतरून दुसरीत चढे. १८३० साली खुला झालेला घाटातील गाडीरस्ता हाच दोन लोहमार्गांमधला दुवा होता.

४/ म्हणूनच 'रेल्वे आली आणि बैलगाडी गेली' हे सोपे विधान येथे टिकत नाही. या पाच वर्षांत रेल्वेच बैलगाडीवर आणि भोयांच्या खांद्यावर अवलंबून होती. नव्या यंत्राने जुन्या व्यवसायाला आधी काम दिले. ते हिरावले नंतर.

५/ १८६३ साली घाटमार्ग पूर्ण झाला. पंचवीस बोगद्यांचा तो मार्ग खोपोलीला बगल देऊन वर गेला. मुख्य मार्गावरचे शेवटचे स्थानक एका फाट्याचे शेवटचे स्थानक झाले.

६/ या घाटाच्या इतिहासात अभियंता जेम्स बर्कले आणि पतीच्या मृत्यूनंतर कंत्राटाची जबाबदारी उचलणाऱ्या ॲलिस ट्रेडवेल यांची नावे आवर्जून येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु अपुऱ्या मार्गावर वाहतूक चालू ठेवणारे गाडीवान आणि भोई त्यात जवळजवळ दिसत नाहीत. केवळ उद्घाटनांच्या तारखांनी लिहिलेला इतिहास दोन तारखांमधली माणसे गाळतो. खोपोलीची पाच वर्षे म्हणजे नेमकी ती मधली जागा.

७/ पळसदरीला दोन वाटा फुटतात : एक घाट चढून पुण्याकडे जाते, दुसरी खोपोलीला थांबते. वर्दळ पहिलीवर असली, तरी त्यांतील जुनी वाट दुसरी आहे.