आधी भोक, मग गोलाई

आपल्या बिदर-कलबुर्गीकडील जी मुले लेथचे काम शिकत आहेत, त्यांच्यासाठी हे दोन शब्द. आंध्रातील राजमहेंद्रीस 1932 साली रत्नम् यांनी स्वदेशी फाउंटनपेने घडविण्यास आरंभ केला. एबोनाइटची, म्हणजे गंधकाने कठीण केलेल्या रबराची, कांडी लेथवर कातून असे पेन होते.

कांडीस प्रथम मधोमध भोक पाडावे. गिरमिट वरचेवर बाहेर काढून कीस झाडावा. तापले की ते वाकडे जाते. मग त्याच भोकात सळई बसवून बाहेरचे अंग कातावे. भोक तिरपे गेल्यास एका बाजूची भिंत पातळ राहते आणि ऐन परीक्षेत पेन तडकते.

वरची चकाकी आतला तिरपेपणा झाकते, सुधारीत नाही. म्हणून पालकहो, मुलाने घरी आणलेली पहिली नळी चकाकते किती हे पाहू नका. डोळ्याशी धरून आरपार पाहा.