सुटलेले पोट हा गुन्हा नव्हे
बाळंतपणानंतरच्या पोटाला 'दोष' म्हणणाऱ्या जाहिरातींचा मला संताप येतो. गर्भ वाढताना पोटाचे स्नायू मधोमध फाकतात, त्वचा ताणते. हा शरीराने केलेल्या कामाचा परिणाम आहे. पुष्कळ जणींचे स्नायू पुढे हळूहळू जवळ येतात. 'मम्मी मेकओव्हर'च्या झगमगाटात मात्र 'टमी टक'चा अर्थ झाकला जातो: ओटीपोटावर लांब आडवा छेद, कायमचा व्रण आणि रक्ताची गुठळी फुप्फुसात जाण्याचा धोका. लायपोसक्शनने तर केवळ कातडीखालची चरबी निघते. फाकलेले स्नायू तसेच राहतात. दुखणे असेल, हर्निया असेल, तर उपचार हा आपला हक्कच. पण नवऱ्याच्या टोमण्यापायी सुरीखाली का जायचे? मी म्हणते, मागायचेच तर प्रत्येक सरकारी दवाखान्यात बाळंतिणींसाठी मोफत फिजिओथेरपी मागू या!