शांघायच्या हॉटेलात बावरू नका!

आमच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांच्या कंपनीतर्फे दोघांना आठ दिवस शांघायला जायचं आहे आणि मुक्काम नदीकाठच्या एका बड्या हॉटेलात. आनंद व्हायचा सोडून बाईंची झोप उडाली आहे. ‘त्या झगमगाटात मी अगदी गावंढळ दिसेन, यांना माझी लाज वाटेल,’ असं त्या लिहितात.

ताई, आधी अशा एका हॉटेलाची कुळकथा ऐका. शांघायच्या ह्वांगपू नदीकाठच्या रस्त्याला ‘बंड’ म्हणतात. तिथे हिरव्या निमुळत्या छपराचं ‘पीस हॉटेल’ उभं आहे. १९२९ साली ते ‘कॅथे हॉटेल’ या नावानं उघडलं. बांधणारे सर व्हिक्टर ससून. आडनाव ओळखीचं वाटलं ना? कुलाब्याचा ससून डॉक, पुण्याचं ससून रुग्णालय, सारं याच घराण्याचं. व्हिक्टर यांचे पणजोबा डेव्हिड ससून बगदाद सोडून मुंबईत आले. चीनशी अफूचा आणि कापसाचा व्यापार करून घराणं गबर झालं, पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या. त्या गिरण्यांचा कारभार व्हिक्टर पाहत. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार घरी बसले. त्याच काळात व्हिक्टर आपला पैसा मुंबईतून काढून शांघायमध्ये इमारतींत घालू लागले होते.

म्हणजे बघा, त्या वैभवात आपल्या गिरणगावातल्या बायकांनी रिळखात्यात गाळलेला घामही आहे, आणि कितीएक चिनी संसार बुडवणारी अफूही. मग तिथे पाऊल टाकताना आपण का म्हणून ओशाळायचं?

आता कामाच्या चार गोष्टी.

दात घासायचा ब्रश आणि कंगवा घरूनच न्या. कचरा कमी व्हावा म्हणून १ जुलै २०१९ पासून शांघायची हॉटेलं या वस्तू मागितल्याशिवाय देत नाहीत.

नळाचं पाणी पिऊ नका. खोलीत पाणी उकळायची किटली असते, तिचा उपयोग करा. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या बाटल्या आणि चॉकलेटं मात्र बहुधा फुकट नसतात. आधी दरपत्रक पाहा. हॉटेलात शिरताना पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि अनामत रक्कमही मागतात. निघताना ती परत मिळण्याचं बघा.

शाकाहारी असाल तर ‘मांस, मासे, अंडी चालत नाहीत’ असं हॉटेलातल्याच कुणाकडून चिनी लिपीत कागदावर लिहून घ्या आणि पर्समध्ये ठेवा. तोंडी सांगायचं तर ‘वो ची सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे. नानजिंग रस्त्यावर ‘गोंगदलिन’ नावाची शाकाहारी खानावळ १९२२ सालापासून प्रसिद्ध आहे. तरी थोडे मेथीचे ठेपले आणि भाजणी बरोबर असू द्याच!

साडी बिनधास्त नेसा. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे बोचरी, दमट थंडी असते, तेव्हा आतून गरम कपडे आणि वर जाड शाल हवीच.

आणि एक. सकाळी खोली आवरायला बाई येईल. आपण बाहेर पडण्यापूर्वी ओले पंचे एका जागी ठेवावेत, कचरा डब्यात टाकावा आणि ती दिसली तर हसून ‘श्ये-श्ये’ म्हणावं, म्हणजे आभारी आहे. दुसऱ्याचा पसारा आवरताना पाठ कशी भरून येते, हे तुम्हांआम्हांला कुणी सांगायला नको. तेवढं जी जाणते, तिला गावंढळ कोण म्हणेल?

सुखरूप जाऊन या, ताई. आणि आल्यावर पत्र टाका.