दुकानातल्या आवाजाकडे कान द्या

आपण व्यापारी माणसे गिऱ्हाइकाचा आवाज बरोबर ओळखतो. कोण माल घेणार आणि कोण नुसता भाव विचारून जाणार, हे बोलण्यावरूनच कळते. पण दुकानातला विजेचा बोर्डही कधी कधी बोलतो, तिकडे आपले लक्ष नसते. हिंगोलीत कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. हा धडा मात्र मला रत्नागिरीला एका मच्छीमार नौकेवर मिळाला.

मिरकरवाडा बंदरात एका स्नेह्यांची नौका पाहायला गेलो होतो. तांडेलाने इंजिन सुरू केले, तशी वायरलेसमधून बारीक शिट्टी येऊ लागली. इंजिनाचा वेग वाढला की शिट्टी चढे, कमी झाला की उतरे. त्याने वायरलेस खोलला नाही. आधी दिवे बंद केले, मग पाणी उपसायचा पंप, मग मासे शोधायचे यंत्र. शिट्टी तशीच. शेवटी इंजिन बंद केले आणि शिट्टी थांबली. "दोष वायरलेसमध्ये नाही, अल्टरनेटरच्या बाजूला आहे," तो म्हणाला. पाहतो तर अर्थिंगच्या वायरीच्या टोकावर खाऱ्या हवेने गंज धरलेला. ते टोक घासून नट आवळला, काम झाले. मी शाबासकी दिली तर म्हणाला, "शेठ, समुद्रात वायरमन कुठून आणायचा? कान उघडे ठेवावेच लागतात."

मला माझीच लाज वाटली. काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत माझ्या दुकानातील बोर्डातून चर्र चर्र आवाज येत होता. गिऱ्हाईक सोडून कोण बघतो, म्हणून आठ दिवस टाळले. एका दुपारी बोर्ड पेटला. माणसे वाचली, पण शेजारच्या फळीवरील साड्या गेल्या. आवाज स्क्रू ढिला झाल्याचा होता.

बंधूंनो, प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. आपली वीज सेकंदाला 50 फेऱ्यांची, म्हणून स्टॅबिलायझर किंवा चोक थोडा गुणगुणतोच. स्वस्त इन्व्हर्टरवर पंखा घूं घूं करतो, कारण त्याच्या विजेची लहर गोलाईची नसते. स्टॅबिलायझरची टिक टिक म्हणजे दाब कमी-जास्त होतो आहे. पण पंखा किंवा शिलाई मशीनची मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही, तर ताबडतोब बंद करा. नाहीतर वाइंडिंग जळेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून उकळल्यासारखा आवाज आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर ठिणगी होऊ देऊ नका, दारे-खिडक्या उघडा आणि माणूस बोलवा. आणि बोर्डात चर्र किंवा तडतड ऐकू आली, तर मेन स्विच बंद केल्याशिवाय दुसरे काम करू नका.

पुष्कळ भाऊ म्हणतात, आम्ही एमसीबी बसवला आहे, काळजी नाही. हा गैरसमज आहे. एमसीबी जास्त करंट गेला तर पडतो. ढिल्या जोडात करंट वाढत नाही, फक्त तो जोड तापत जातो. म्हणून एमसीबी गप्प राहतो आणि बोर्ड पेटतो. तिथे पहारेकरी एकच, आपला कान.

कापड, कापूस, फोम, लाकूड हा आपला माल. ठिणगीला एवढेच पुरते. तेव्हा तांडेलाची रीत धरा: एकेक वस्तू बंद करून आवाज कुठला ते शोधा. बोर्ड मात्र स्वतः खोलू नका, ते लायसन्स असलेल्या वायरमनचे काम. वर्षातून एकदा, सीझन लागण्याआधी, सगळे जोड आवळून घ्या आणि बोर्डाजवळची फळी रिकामी ठेवा. वायरमनची मजुरी एका साडीच्या नफ्यातून निघते. जळालेले दुकान उभे करायला उमर जाते.